पाइपला विचारणारा माणूस

कारखान्यात प्रशिक्षणाची नोटीस लागली की लोक पहिल्यांदा विचारतात, नाश्त्याला काय आहे. विषय काय, शिकवणार कोण, हे नंतर. पुष्कळदा विचारतच नाहीत. निगुडवाडीच्या दूध प्रकल्पातही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. पडद्यावर चित्रं सरकायची, मागच्या रांगेत डुलक्या लागायच्या आणि शेवटी एक कागद फिरायचा. प्रशिक्षण कसे वाटले? उत्तम. कामात उपयोग होईल का? होय. काही सूचना? चटणी तिखट होती. कागद फाइलला लागत आणि दुसऱ्या दिवशी सगळे जण पहिल्यासारखंच काम करत. पालथ्या घड्यावर पाणी. पण घडा पालथा आहे हे दाखवायची सोय नव्हती, म्हणून सगळं उत्तम.

शर्वरी मगदूमला या कागदाची मनापासून चीड होती. ती प्रकल्पाची प्रशिक्षण अधिकारी, वय तेहेतीस, कामाला वाघ. आपण शिकवलेलं माणसात उतरतं की भिंतीवर आपटून परत येतं, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. असा प्रश्न पडणारी माणसं चांगली असतात. त्यांच्या हातात यंत्र पडेपर्यंत तरी असतात.

यंत्र दोन वर्षांपूर्वी आलं. त्याला रुजपट्टी म्हणत. कपाळाभोवती बांधायची मऊ पट्टी, आतून बारीक धातूच्या टिकल्या लावलेली.

तिचं तत्त्व साधं होतं. मेंदू स्वस्थ बसून जग बघत नाही, तो सतत पुढचा अंदाज बांधत असतो. जिना संपला असं वाटलं आणि आणखी एक पायरी निघाली, की डोक्यात काहीतरी चरकतं. अंदाज चुकला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते आणि ती कवटीबाहेरूनही टिपता येते. प्रशिक्षणवाले तिला नुसतं ‘दचक’ म्हणत. नवी पद्धत शिकताना माणूस पायरीपायरीला दचकतो. पद्धत अंगात मुरली की दचकणं थांबतं. दचक जितकी कमी, तितका रुजांक जास्त. शंभरपैकी नव्वद म्हणजे शिकवलेलं रुजलं.

पट्टी आणखीही एक गोष्ट टिपायची. हात हलायच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू होते आणि पडद्यावरची रेघ चढते. माणूस तोंडानं नवी पद्धत घडाघडा म्हणत असला आणि आत जुनी सवय जागी असली, तर तिची तयारी मध्येच उंचवटा होऊन दिसते. साहेबासमोर मान हलवून मागे आपलंच खरं करणारे सगळे एका महिन्यात उघडे पडले. शर्वरीला तर हातात पहिल्यांदाच दिवा आल्यासारखं झालं. ज्याचं कमी पडेल त्याला ती पुन्हा शिकवी, न कंटाळता, न रागावता. दोन वर्षांत प्रकल्पातल्या दोनशे चौदा माणसांपैकी दोनशे तेरा जण नव्वदच्या वर गेले.

उरलेला एक जण म्हणजे तिचे वडील.

“भूपाल मगदूम, कॉम्प्रेसर हॉल, रुजांक एकसष्ट,” प्रकल्पप्रमुख देवयानी चौगुले यांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शर्वरी, पाचही प्रकल्पांची प्रशिक्षणप्रमुख म्हणून मी तुझं नाव पुढे केलंय. संचालक विचारणार, तुमच्याकडे शंभर टक्के झाले का. मी काय सांगू? एकच राहिलाय, तो हिच्याच घरात राहतो?”

“तीन आठवडे द्या, मॅडम.”

“दिले. नव्वद झाले तर उत्तम. नाही झाले तर त्यांना फाटकावर बसवू. गाड्यांचे नंबर लिहिताना कुणी दचकत नाही.”

शर्वरी बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. आप्पांची एकतीस वर्षं त्या हॉलमध्ये गेली होती. दूध थंड ठेवणारा अमोनिया ज्या यंत्रांनी दाबला जातो, ती यंत्रं ते नुसत्या कानानं ओळखत. कुठलं बेअरिंग महिन्याभरात जाणार हे आधी सांगत आणि ते तेव्हाच जाई. असा माणूस फाटकावर बसला तर वर्षभरात मनानं संपला असता, हे तिला कळत होतं. आपलं नाव मागे पडेल हेही तिला कळत होतं. या दोन काळज्यांतली मोठी कुठली, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

आप्पांचं अडत होतं ते एकाच जागी. हॉलमधला एक जाड पाइप भिंतीतून बाहेर, नियंत्रण कक्षात येतो. हॉलचं दार बाहेरून लावण्याआधी आप्पा त्या पाइपवर पान्ह्यानं तीन ठोके मारत आणि थांबत. आत कुणी असेल तर तो आतून दोन ठोके देई. आत कानबंद घालून यंत्राखाली शिरलेल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही, पण पाइपमधून आलेला ठोका त्याच्या हाताला, पाठीला कळतो. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. आप्पांच्या आधीचा ऑपरेटर तसं करायचा, त्याच्या आधीचाही करत असेल.

ठोके आणि थांबणं मिळून अकरा सेकंद जात. आणि अकरा सेकंद नव्या नियमात बसत नव्हते. अमोनिया गळाला तर दार छत्तीस सेकंदांत लागलं पाहिजे. त्यानंतर वायू बोळातून पॅकिंगच्या शेडमध्ये शिरतो आणि तिथे एका पाळीला साठ बायका असतात. हा हिशेब कुणी पाट्या टाकायला केलेला नव्हता, खरा होता. आप्पांना सत्तेचाळीस सेकंद लागत. आत कोण आहे हे सांगायला आता दारावर फलक होता. प्रत्येकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यात चिप, आणि जितके बिल्ले आत तितका आकडा फलकावर.

“आप्पा, फलकावर शून्य दिसतंय ना?” पहिल्याच दिवशी शर्वरीनं नियंत्रण कक्षात त्यांना विचारलं. “मग पाइपला कशाला विचारायचं?”

“फलक बिल्ले मोजतोय,” आप्पा म्हणाले. “मी माणूस हाय का इचारतोय.”

“एकच झालं की ते.”

“असंल बाई. पण हात जातोय त्याला मी काय करू?”

दारात दस्तगीरचाचा उभे होते. दस्तगीर मुल्ला, हॉलचे फिटर, आप्पांच्या बरोबरीनं सत्तावीस वर्षं काढलेले. आतून दोन ठोके द्यायचे ते बहुधा तेच. त्यांचा रुजांक अठ्ठ्याण्णव होता आणि ते तो आप्पांना दिवसातून एकदा तरी ऐकवत.

“शिकीव गं शर्वरी, शिकीव तुझ्या बापाला,” ते म्हणाले. “सत्तावीस वर्षं सांगतोय, जरा हळू ठोक, माझ्या पाठीत कळ येतीया. पर ऐकंल तर भूपालदा कसला!”

“तू गप. तुझं डोस्कं मोकळंच हाय, त्यात कायबी रुजतंय,” आप्पा म्हणाले आणि दोघंही हसले.

संध्याकाळी घरी आप्पांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता विचारलं, “मला गेटावर बसवत्यात म्हणं?”

शर्वरीनं मान हलवली.

“आणि तुझं मोठं काम माझ्यापायी अडलंय व्हय?”

यावर ‘नाही आप्पा, तसं काही नाही’ असं म्हणायला काही लागत नव्हतं. ती म्हणाली नाही. आप्पांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग कपाळावरचे केस मागे सारले. “मग बांध ती पट्टी,” ते म्हणाले.

जुनी सवय पुसता येत नाही. ती कला अजून कुणाला साधलेली नाही. तिच्यावर झाकण मात्र बसवता येतं. आप्पा दिवसातून चाळीस वेळा दार लावायचा सराव करत. पान्ह्याकडे हात जाण्याची तयारी रेघेत दिसली रे दिसली, की हात हलायच्या आत पट्टी कानामागे एक बारीक झिणझिणी देई. दुखत नसे, नुसतं नकोसं वाटे. सराव चालू असताना मागे एक मंद सूर वाजत राही. माणूस गाढ झोपला की मेंदू दिवसभराचं शिकलेलं पुन्हा घोळवतो. त्या वेळी तोच सूर हलकेच वाजवला, तर तो बाकी सगळं सोडून तेवढाच धडा घोळवतो. आप्पा पट्टी बांधून झोपत आणि झाकण रोज थोडं घट्ट होई.

सत्तर. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशी.

पंच्याऐंशीच्या रविवारी एक गंमत झाली. निदान त्या दिवशी सगळ्यांनी ती गंमत म्हणूनच घेतली. आई गच्चीवर सांडगे घालत होती. आप्पा सकाळी वर गेले, पाण्याची टाकी बघितली, खाली आले आणि जिन्याचं दार कडी लावून बंद केलं. एरवी कुठलंही दार लावताना ‘हाय का कोण वर?’ असं ओरडल्याशिवाय त्यांचा हात कडीला लागत नसे. लहानपणी शर्वरी नि तिच्या मैत्रिणी त्यांची नक्कल करायच्या. आई पाऊण तास उन्हात दार बडवत होती. शेवटी शेजारच्यांनी फोन केला.

“डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?” आई खाली येऊन कडाडली. “समोर बसले हुते की मी!”

“दिसली न्हाईस बघ,” आप्पा ओशाळून म्हणाले.

“आई, बिल्ला घालून जायचं ना,” शर्वरी म्हणाली आणि तिघंही हसली. पण हसताना शर्वरीच्या ध्यानात आलं होतं. झाकण पान्ह्यापुरतं बसत नव्हतं, त्याखालची विचारायची खोडच झाकली जात होती. प्रशिक्षण अधिकाऱ्याला हे समजायला एक सांडग्यांची चाळण पुरेशी होती. तिनं त्याचं टिपण लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि पाच दिवस उरलेत हे आठवून वही मिटली.

एकोणिसाव्या दिवशी आप्पा चौऱ्याण्णववर पोचले. दार तेहेतीस सेकंदांत. रेघ सपाट.

कँटीनमध्ये पेढे वाटले. चौगुले मॅडमनी सगळ्यांसमोर आप्पांशी हात मिळवला. दस्तगीरचाचांनी दोन पेढे खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला. “आता माझ्या पाठीला सुख,” ते म्हणाले. नव्वद झाल्यावर कानामागची झिणझिणी बंद करायची असा नियम होता. पण कॉम्प्रेसर चालवणाऱ्यांच्या हेल्मेटमध्ये पट्टी कायमची बसवलेली असे, आणि संचालकांची बैठक दीड महिन्यावर होती. मधेच आकडा घसरला तर? शर्वरीनं झिणझिणी चालूच ठेवली. बैठक झाली की बंद करू, असं ठरवलं.

बैठकीच्या आठवडाभर आधी, मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, एक नंबरच्या कॉम्प्रेसरचं सील फुटलं आणि अमोनिया सुटला.

दोन नंबरचा कॉम्प्रेसर त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता. आप्पा स्टोअरमधून गॅस्केट घेऊन परत येईतो दस्तगीरचाचा आत शिरून त्या दोन नंबरच्या खाली सरकले होते. पूर्वी आत जाणारा माणूस कुणाला तरी सांगून जायचा. आता सांगायचं कारण उरलं नव्हतं, फलक होता. चाचांनी कानबंद घातले आणि गळ्यातला बिल्ला काढून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवला. तो का काढला, याचं उत्तर शर्वरीच्या दप्तरात होतं. पाठ चौथा : फिरत्या यंत्राजवळ गळ्यात दोरी, साखळी, मफलर, काहीही नको. तिनंच जानेवारीत शिकवला होता. त्या पाठाचे चाचांचे अठ्ठ्याण्णव होते.

भोंगा वाजला. आप्पांनी फलक पाहिला. शून्य. पाठ नववा : शून्य असेल तर थांबू नये. त्यांनी कळ दाबली, पोलादी दार सरकत आलं, बसलं. पाण्याचे फवारे सुरू झाले. तेहेतीस सेकंद. मागे वळून त्यांनी पॅकिंगच्या मुकादमाला हात करून सगळं ठीक असल्याची खूण केली. तेवढ्यात त्यांची नजर खुंटीवरच्या बिल्ल्यावर गेली.

ते दाराकडे धावले. पण वायू असेपर्यंत न उघडणारं दार होतं ते, चांगल्या बनावटीचं.

आत नुसती नोंद ठेवणारा एक कॅमेरा होता, त्यावरून नंतर सगळं उलगडलं. चाचांना वास आला तेव्हा ते यंत्राखालून सरपटत निघाले. दारापाशी पोचले तेव्हा दार लागून नऊ सेकंद झाले होते. आप्पांच्या जुन्या पद्धतीनं दार त्यानंतर पाच सेकंदांनी लागलं असतं. पॅकिंगमधल्या बायकांना ठसका लागला असता, डोळे चुरचुरले असते, एखादीला कदाचित दवाखान्यात न्यावं लागलं असतं. प्रत्यक्षात त्यांतल्या एकीलाही साधा खोकला आला नाही.

“मी पाषाणहृदयी नाही,” चौथ्या दिवशी चौगुले मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे खरंच सुजलेले होते. “दस्तगीर गेला याचं मला दुःख आहे. पण साठ बायका वाचल्या, हेही कुणीतरी म्हणायला हवं. दोन पाठ एकमेकांना आडवे आले. ते दुरुस्त कर. बिल्ल्याला दोरीऐवजी खिशाला लावायचा चाप देऊ. बाकी शिकवण्यात काही चुकलेलं नाही. दस्तगीरनं शिकवलं तसंच केलं, तुझ्या वडिलांनी शिकवलं तसंच केलं. परिणामकारकतेबद्दल प्रश्नच नाही.”

शर्वरीनं वहीत ‘चाप’ एवढंच लिहिलं.

“आणि एक काम. मगदूमांची त्या तेहेतीस सेकंदांची रेघ मला दे. खऱ्या प्रसंगातली, खऱ्या भीतीतली रेघ. पाचही प्रकल्पांत दाखवू, म्हणजे रुजणं म्हणजे काय ते लोकांना कळेल. चौकशी समितीलाही हवीय. पापण्यांची उघडझाप, जबड्याची हालचाल असली खरखर काढून स्वच्छ करून दे.”

शर्वरीनं खोलीचं दार लावलं आणि रेघ उघडली.

पहिले तेरा सेकंद ती सपाट होती, इतकी सपाट की पाहणाऱ्याला अभिमान वाटावा. चौदाव्या सेकंदाला ती चढली. उजव्या हाताची तयारी, पान्ह्याकडे. सरावात कधी आला नव्हता एवढा मोठा उंचवटा. एकोणीस दिवसांचं शिकवणं, सूर, झाकण, सगळं खालून ढकलून आप्पांच्या आतला तो जुना माणूस उठला होता आणि त्याला विचारायचं होतं, हाय का कोण? उंचवट्याच्या टोकाला एक छोटी लाल खूण होती. यंत्रानं खूण केली होती : झिणझिणी दिली. त्यानंतर रेघ तुटून खाली पडली आणि शेवटपर्यंत सपाट राहिली.

म्हणजे आप्पा विसरले नव्हते. त्यांना आठवलं होतं आणि त्यांचा हात अडवला गेला होता. अडवणारी झिणझिणी नियमाप्रमाणे तिथे असायलाच नको होती. ती कुणी ठेवली, कुणाच्या नावानं ठेवली, हेही यंत्रात लिहिलेलं होतं.

तासभर ती त्या अर्ध्या सेकंदाकडे बघत होती. समितीपुढे हे ठेवलं तर आप्पा सुटत होते. पूर्ण सुटत होते. कुणीही त्यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. ते बोट मग कुणाकडे वळलं असतं, हे तिला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

मग तिनं तो उंचवटा निवडला. खरखरीचा प्रकार कोणता, असं यंत्रानं विचारलं. तिनं ‘पापणीची उघडझाप’ वर बोट ठेवलं. उंचवटा गेला, त्याच्यासोबत लाल खूणही गेली. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ झाली. ‘मूळ नोंद ठेवायची का?’ असाही प्रश्न आला. तिनं ‘नको’ म्हटलं.

आप्पा घरी ओट्यावर बसून होते. चार दिवस ते जेवणाला नुसते शिवत होते. दफनाला ते गेले होते, पण लांब रस्त्यावरच उभे राहून परत आले. शर्वरी आली तशी त्यांनी तिला जवळ बसायला सांगितलं.

“त्या यंतरात सगळं उमटतंय म्हणालीस न्हवं?”

“हो आप्पा.”

“मग मला एकच सांग. त्या वक्ताला माझ्या ध्यानात आलं हुतं का न्हाई? ठोके मारायचं? मला काय आठवंना झालंय. रातध्याड हुडकतोय डोक्यात. वाटतंय आलं हुतं. हात उचलला हुता असं वाटतंय. मग वाटतंय, मीच मनाला फसवाया लागलोय. तू बघितलंयस. आलं हुतं का?”

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. वाटेत तिनं उत्तराची तालीमही केली होती. तरीही त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना तिला वाटलं की आपल्या तोंडून खरं निघून जाईल. ते निघून जावं असंही वाटलं. एवढा एक शब्द, आणि हा म्हातारा रात्री झोपेल.

“नाही आप्पा,” ती म्हणाली. “रेघ सपाट होती.”

“एकदाबी न्हाई?”

“एकदाही नाही.”

आप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग त्यांनी हळूच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“मग बरं हाय,” ते म्हणाले. “म्हंजे तुझ्या शिकिवण्यात खोट नव्हती. मला भ्या वाटत हुतं, तुझ्यावर काय येतंय का काय. आता माझं मी बघतो.”

तिनं मान खाली घातली. ती रडत होती, आणि आप्पा तिची समजूत घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुवट कपडे घातले आणि तिला गाडी काढायला सांगितली. दस्तगीरचाचांच्या घरी जायचं होतं. “यास्मिनला दुसऱ्याकडनं कळण्यापरास मी सांगितल्यालं बरं,” ते म्हणाले. वाटेत वळवावं, काहीतरी कारण काढून गाडी थांबवावी, असं शर्वरीच्या मनात दोनदा आलं. गाडी ती चांगली चालवते, कुठेही चुकली नाही.

चाचांच्या पत्नी यास्मिनचाची दारात आल्या. पांढऱ्या ओढणीत त्या एकदम लहानखुऱ्या दिसत होत्या. “आत या की दादा,” त्या म्हणाल्या.

“आत न्हाई येत. उंबऱ्याबाहीरच सांगतो,” आप्पा म्हणाले. “मी ठोके मारले न्हाईत, यास्मिन. सत्तावीस वर्षं मारत आलो आन त्या दिवशी मला आठवलंच न्हाई. दस्तगीर माझ्यामुळं गेला.”

“लोक म्हणत्यात, तुमच्याच्यानं विसरणं हुणार न्हाई,” चाची हळू म्हणाल्या. “मी बी सगळ्यांस्नी तेच सांगत हुते. भूपालदादा विसरणार न्हाईत, यंतराचंच कायतरी झालं असंल.” मग त्यांनी शर्वरीकडे पाहिलं. लहानपणी ईदला हिच्या हातावर त्यांनीच मेंदी काढली होती. “पोरी, तू शिकल्याली हाईस. तू बघितलंयस म्हणं. खरंच इसरले का गं हे?”

आप्पाही तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत अजून, इतक्या सगळ्यानंतरही, एक चिमूटभर आशा होती.

“हो, चाची,” शर्वरी म्हणाली. “विसरले.”

चाचींनी आप्पांकडे बघितलं. शिवी दिली नाही, रडल्या नाहीत. मागे सरकल्या आणि त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडी पडली.

आप्पा परत येऊन गाडीत बसले. प्रकल्पाच्या वळणावर त्यांनी विचारलं, “तुझा आज वर्ग किती वाजता हाय?”

“साडेनऊला.”

“मग जरा जोरात घे,” आप्पा म्हणाले. “लोकं खोळंबली असतील.”

शर्वरीनं गाडी जोरात घेतली.